कपडे वाळवायचेत की गणवेश हवाय?

प्रश्न : मागे मी तुम्हाला एका ओळीचा प्रश्न पाठवला होता : पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तर गरम हवेचा ड्रायर घ्यावा का? 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढंच उत्तर अपेक्षित होतं. तुमच्याकडून उलट पाच प्रश्न आले. घरात माणसं किती, कोणते कपडे वाळत नाहीत, ते किती वाजेपर्यंत वाळायला हवेत, वास येतो का, आणि ड्रायर आला तर घरात नेमकं काय बदलेल! आमचे हे म्हणाले, पत्र चुकून वकिलाकडे गेलेलं दिसतंय. सोबत सगळी उत्तरं पाठवते आहे, पण आता माझाही एक प्रश्न आहे. साध्या घरगुती अडचणीला 'हेतू काय, हेतू काय' हे कशाला? त्यानं अडचण खरंच सुटते, की सल्ला देणाऱ्याची सोय होते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सोय तर होतेच. 'घ्या' म्हटलं आणि यंत्र अडगळीत पडलं, तर बोल मला लागतो. पण ताई, तुम्ही पाठवलेली उत्तरं पुन्हा एकदा सलग वाचा. प्रश्न तुम्ही एक विचारला होता आणि घरात अडचणी चार आहेत. चारही एकाच दोरीवर टांगल्या आहेत, म्हणून एकसारख्या दिसतात.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पावणेसातला शाळेची रिक्षा येते आणि सव्वासहाला तुम्ही धाकट्याची चड्डी इस्त्रीखाली घालून वाळवत असता. कापड वाळलेलं असतं. कमरपट्टी आणि खिसे मात्र ओलेच. इस्त्री दाबली की चर्र होतं, वाफ निघते, पट्टी गरम लागते आणि वाळल्यासारखी वाटते. रिक्षा कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती पुन्हा दमट झालेली असते. मुलगा कुरकुरत जातो आणि दुपारी कमरेला पुरळ घेऊन येतो.

आता सांगा, तुम्हाला कपडे वाळवायचेत, की सकाळी पावणेसातला दोन मुलांच्या अंगावर कोरडा गणवेश हवाय? पहिल्याचं उत्तर यंत्राच्या दुकानात असेल, दुसऱ्याचं शिंप्याकडे आहे. प्रत्येकाला तिसरा जोड करा. दोन जोडांत सोमवारी संध्याकाळी धुतलेला गणवेश बुधवारी सकाळी लागतो. तीन असले की तोच गुरुवारी लागतो, म्हणजे पावसाळ्यातले पूर्ण चोवीस तास हातात जास्त येतात. शाळेनं दोन सांगितले म्हणून दोनच, असा काही नियम नाही. तिसरा जोड एक माप मोठा घेतलात तर पुढच्या वर्षीही चालेल. आणि चड्डी वाळत घालताना उलटी करून, खिसे बाहेर ओढून, कमरपट्टी दोन चिमट्यांत ताणून घाला. दोरीवर दुमडून टाकलेली पट्टी चार पदरी होते, मग ती वाळणार कधी?

दुसरी अडचण सासूबाईंच्या चादरींची. त्या अंथरुणावर आहेत आणि रोज दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात, असं तुम्ही लिहिलंय. इथं हवी आहे ती त्यांची कोरडी पाठ. चादर हे त्याचं साधन झालं. पाठ ओली राहिली की कातडी मऊ पडते आणि शय्याव्रण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला सांगतात. यासाठी दवाखान्यातल्या परिचारिकांची जुनी रीत आहे : मोठ्या चादरीवर कमरेच्या जागी मेणकापड आणि त्यावर आडवी अर्धी चादर. ओली होते ती फक्त आडवी. तुम्ही तिथं जुन्या सुती साडीचे दुहेरी तुकडे वापरा. भिजायला एक, वाळायला एक आणि अंगाखाली एक, असे दहा-बारा असू द्या. पातळ कापड पंख्याखाली रात्रीत वाळतं. रात्रीपुरते औषधाच्या दुकानात मिळणारे टाकाऊ अंडरपॅड वापरले तर धुण्याचा ढीग आणखी कमी होईल. मात्र सासूबाईंनाही विचारा. चादर ओली झाली तरी सुनेला पुन्हा हाक कशी मारायची, म्हणून गप्प पडून राहणाऱ्या वृद्धा मी पाहिल्या आहेत. त्यांची अडचण कुठलंही यंत्र सोडवत नाही.

तिसरी अडचण कुबट वासाची, आणि इथं थोडं हवेचं गणित करावं लागेल. जुलैत तुमच्याकडे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे हवा बाष्पानं जवळजवळ भरलेली. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. त्या खोलीतली सगळी हवा मिळून आणखी साधारण नव्वद ग्रॅम पाणी पोटात घेऊ शकते, अर्धा पेलासुद्धा नाही. यंत्रातून स्पिन होऊन आलेल्या पाच किलो कपड्यांत मात्र तीनेक लिटर पाणी उरलेलं असतं. हिशेब करा : ते सगळं वाळायला खोलीतली हवा तीसेक वेळा बदलायला हवी. तुम्ही लिहिता की पावसाचे शिंतोडे येतात म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून पंखा सोडतो. पंखा मग तीच भरलेली हवा गरागरा फिरवत बसतो, आणि पाणी कपड्यांतून निघून भिंतीत जातं. भिंतीला ओल येते ती छतातूनच येते असं नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी आणि समोरचं दार उघडं ठेवा. पंखा कपड्यांवर आणि वारा दाराकडे, अशी सोय करा.

वास मात्र ओलेपणाचा नसतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की कपड्यांच्या या कुबट वासामागे मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. कापड जितका वेळ दमट राहील तितका त्याला वाव. सुवासिक द्रव ओतून वास झाकता येतो, जिवाणू आपल्या जागी राहतो. तेव्हा इथला हेतू 'दमटपणाचे तास कमी करणं' असा मांडा, म्हणजे सगळ्यात स्वस्त उपाय आपोआप समोर येतो : दुसरा स्पिन. कपड्यातलं पाणी गरगर फिरवून बाहेर फेकायला फार थोडी वीज लागते. तेच पाणी वाफ करून उडवायचं, तर लिटरमागे किमान ०.६७ युनिटाइतकी उष्णता लागणारच. हा निसर्गाचा दर आहे, कुठल्याही कंपनीला त्यात सूट मिळत नाही. तीन लिटरचे दोन युनिट झाले आणि प्रत्यक्षातलं नुकसान धरलं तर साध्या ड्रायरला तीनच्या आसपास. उष्मापंपाचे ड्रायर कपड्यांतून निघालेल्या दमट हवेतलीच उष्णता परत मिळवून वापरतात, म्हणून ते याच्या निम्म्यात काम भागवतात. पण किमतीला चढे. टॉवेल आणि जीन्स दुसऱ्यांदा स्पिनला टाका आणि आधी-नंतर ताणकाट्यावर वजन करा. जेवढे ग्रॅम उतरले तेवढं पाणी हवेला उडवावं लागणार नाही.

चौथी अडचण हॉलमधल्या दोऱ्यांची : पाहुणे आले की ओल्या परकराखालून वाकून यावं लागतं. इथं हवाय तो लाज न वाटणारा हॉल. पडवीत छताला कप्पी लावून वर ओढून घेता येईल अशी दांडी टांगा, काम झालं. वलणीची जागा आपल्या जुन्या घरांत छताजवळच असायची, आणि गरम हवा वर जाते हे त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

एवढं करून झाल्यावर उरतात जाडे टॉवेल, जीन्स आणि ज्या आठवड्यात पाऊस खळतच नाही तो आठवडा. त्यासाठी ड्रायर हवासा वाटला तर खुशाल घ्या, मी आडवा येणार नाही. सासूबाईंची तब्येत पाहता कदाचित तो घ्यावाच लागेल. फक्त दोन गोष्टी आधी बघा. साधा ड्रायर दमट हवा बाहेर टाकतो; त्याची नळी घराबाहेर काढायची सोय नसेल तर तेच बाष्प तुमच्या भिंतींना मिळेल. आणि दुसरं, ज्या दिवशी धो धो कोसळत असतं त्याच दिवशी कोकणात झाड पडून वीज जाते.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. हे 'हेतू विचारणं' घरगुती धुण्यापुरतं ठीक, एरवी वेळ घालवणं, असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून एक वेळ अशी सांगतो की जिथं घालवायला वेळ अजिबात नव्हता.

१९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली होती. डॉ. दिलीप महालनबीस तिथल्या इस्पितळात होते. खोल्या दोन, खाटा सोळा, आणि रुग्ण जमिनीवर उलट्या-जुलाबांच्या थारोळ्यात पडलेले. पटकीवर त्या काळी मान्य उपचार एकच, शिरेतून सलाइन. साठा झपाट्यानं संपत आला, आणि टोचायला हातही पुरेनात. अशा वेळी कुठल्याही अधिकाऱ्यानं एकच प्रश्न विचारला असता : सलाइन आणखी कुठून मिळेल? महालनबीसांनीही ते मागितलंच असणार. पण पटकीचा रोगी सलाइनअभावी मरत नाही, शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे मरतो. ते परत आत घालायचे, हा हेतू. शीर हा त्याचा एक रस्ता, तोंड हा दुसरा. साखरेच्या संगतीनं आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळांत तोवर कळलेलं होतं. छावणीत ते कुणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरलं नव्हतं.

त्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे माप धरलं. कोलकात्यात पुड्या बांधून घेतल्या, छावणीत पिंपांत पाणी कालवलं आणि पेले रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. आई मुलाला पाजत होती, भाऊ भावाला. ज्यांची शुद्धच हरपली होती त्यांना आधी सलाइन लागलंच. तो रस्ता त्यांनी बंद केला नाही, ज्यांना त्याच्यावाचून भागणार नव्हतं त्यांच्यासाठी राखून ठेवला. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून साडेतीन-पावणेचार टक्क्यांच्या दरम्यान आलं. आज आपण घराघरांत जलसंजीवनी म्हणून जी पुडी फोडतो, तिच्या मागे ही छावणी आहे. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं. आपल्याकडे मानसन्मानालाही कपड्यांसारखाच फार वेळ लागतो.

मात्र हेतू कुणाचा, हे पाहिल्याशिवाय हा प्रश्न अर्धाच राहतो. जयपूरच्या सवाई मानसिंह इस्पितळात साठीच्या दशकात पाय गमावलेल्या रुग्णांना परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बसवले जात. पाय चांगले होते, तरी रुग्ण ते घरी नेऊन कोपऱ्यात ठेवून देत आणि कुबड्या घेत. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बूट घालून सपाट रस्त्यावर चालणारा माणूस होता. वापरणाऱ्याला चिखलात अनवाणी उभं राहायचं होतं, उकिडवं बसायचं होतं, जेवायला मांडी घालायची होती. डॉ. प्रमोद करण सेठी आणि हस्तकलेचे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तिथून सुरुवात केली आणि रबराचा, बोटं असलेला, घोट्यात वळणारा पाय केला. तोच जयपूर फूट. तुमच्या घरी ड्रायर कुणाला हवाय, हेही एकदा पाहा. पत्रावरून तरी मला तो तुमच्यापेक्षा यजमानांना अधिक हवासा वाटतो, आणि त्यांच्याही मनात कदाचित एवढंच असेल, की पहाटे सव्वासहाला घरात इस्त्रीवरून आरडाओरडा नको.

काही जण मला लिहितात, 'हे ते टोयोटावाल्यांचं पाच वेळा 'का' विचारणंच ना?' नाही. टोयोटाचे ताइइची ओनो विचारत ते कारण. यंत्र बंद का पडलं? फ्यूज उडाला. का उडाला? भार जास्त झाला, वंगण पोचलं नाही. असं मागं मागं जात ते पंपाला गाळणी नव्हती इथवर येत आणि गाळणी बसवत. कारखान्यात हे सोनं आहे. तुमच्या घरी मात्र 'कपडे का वाळत नाहीत' असं पाच वेळा विचारलं तर तुम्ही अरबी समुद्रावर पोचाल आणि तिथं करण्यासारखं काही नाही. 'कपडे वाळून काय हवंय' असं विचारलं तर एकाच पायरीत पावणेसातच्या रिक्षापाशी पोचता. बिघाड असेल तिथं मागे जावं, आणि कारण आपल्या हातात नसेल तिथं पुढे.

पुढे जातानाही थांबायचं कुठं, ते कळलं पाहिजे. गणवेश कशाला? शाळेला. शाळा कशाला? शिकायला. शिकून काय? सुखी व्हायला. इथवर आलात की प्रश्न फार उदात्त होतो आणि चड्डी ओलीच राहते. माझी साधी कसोटी अशी : हेतू सांगितल्यावर डोळ्यांसमोर एखादी वेळ, जागा किंवा माणूस उभा राहिला पाहिजे. 'स्वच्छता हवी' म्हटल्यावर काहीच दिसत नाही. 'गुरुवारी सकाळी धाकट्याची कमरपट्टी कोरडी' म्हटलं की दिसतं.

आणि काही वेळा हेतू विचारूच नये. दमून आलेली मैत्रीण सासरचं गाऱ्हाणं सांगत असेल तर 'तुला नक्की काय साध्य करायचंय?' हा प्रश्न घालून पाहा. पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही. तिला चहा द्या आणि ऐका.

प्रश्न : वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. अजून स्कूटर चालवतात. दोनदा घसरले. किल्ली लपवली तर तीन दिवस जेवले नाहीत. त्यांची गाडी कशी बंद करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला गाडी बंद करायचीय, त्यांना कुठंतरी पोचायचंय. किल्ली एकच असल्यामुळे भांडण तिच्यावर चाललंय.

एक आठवडा ते कुठं कुठं जातात ते नुसतं बघा. बहुधा मंडई, बँक, एखादा कट्टा आणि औषधाचं दुकान, एवढंच निघेल. त्यातलं कट्ट्यावर जाणं सोडून बाकी सगळं तुम्ही किंवा घरपोच सेवा करू शकता. कट्टा मात्र त्यांचा त्यांनीच गाठायला हवा, तो दुसऱ्या कुणी आणून देण्याची गोष्ट नाही. तेव्हा ठरलेल्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा, पैसे वडिलांच्याच हातून जाऊ द्या. आपण कुणाच्या मेहेरबानीवर फिरत नाही, हे त्यांना उरलं पाहिजे. तुम्ही किल्ली लपवलीत तेव्हा तेच गेलं, म्हणून जेवण सुटलं.

घसरण्याचं कारणही शोधा; इथं मात्र मागे जायला हवं. दोन्ही वेळा कुठं, किती वाजता घसरले? संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर मोतीबिंदू असू शकतो आणि तो काढता येतो. वळताना तोल जात असेल तर कान, गुडघे आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. परवाना बघितलात का? पंचावन्ननंतर तो एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या निमित्तानं तपासणी ठरवलीत तर 'नको' म्हणणारा माणूस मुलगा न राहता डॉक्टर होतो, आणि वडिलांना डॉक्टरांचं ऐकण्यात कमीपणा वाटत नाही.

डॉक्टरांनी 'दिवसा, जवळपास चालवा' असं सांगितलं तर तेवढं मान्य करा. 'अजिबात नको' म्हणाले तर त्या दिवशी स्कूटर विकायचा विषय काढू नका. ती काही महिने अंगणात उभी राहू द्या, रविवारी पुसू द्या. विकायचं केव्हा आणि कितीला, ते त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही ठरवलेली किंमत त्यांना कमीच वाटणार आहे.